कोणाचे पाप, कोणाचे ओझे

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी प्रभूस जो प्रश्न विचारला, तो घनसावंगीच्या आसपासच्या गावांत आजही विचारला जातो. फरक इतकाच की आता तो प्रभूस विचारीत नाहीत, शेजारणीस विचारितात. जन्मापासून आंधळा असा एक मनुष्य वाटेवर बसला होता. त्यास पाहून शिष्यांस त्याच्या भाकरीची किंवा त्यास हात देण्याची आठवण झाली नाही. पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे, हे त्यांस प्रथम जाणावयाचे होते. प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारिली आणि तो लागलाच कामास लागला. त्याने माती भिजविली, ती आंधळ्याच्या डोळ्यांस लाविली आणि त्यास तळ्यावर धाडिले. आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनी ह्या अध्यायावर दरवर्षी उपदेश ऐकतात. तरी एखाद्या घरी जन्मतः आजारी मूल आले म्हणजे विहिरीवर पहिला प्रश्न शिष्यांचाच निघतो.

ह्या प्रश्नाचा विचार हवेत करू नये, एखादा खरा आजार समोर ठेवून करावा, असे आम्हांस वाटते. म्हणून आम्ही येथे रक्त न गोठण्याच्या आजाराविषयी लिहितो. वैद्यकशास्त्रात त्यास हिमोफिलिया म्हणतात. तो दुर्मिळ आहे; त्याचा जो प्रकार जास्त आढळतो, तो सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकास होतो. म्हणजे एखाद्या उपदेशकाच्या साऱ्या सेवाकाळात असे एखादेच घर त्याच्या वाट्यास येईल, किंवा येणारही नाही. पण ज्या घरी तो येतो त्या घरी तो सोळा आणे येतो.

जखम झाली असता रक्त थांबविण्यासाठी देवाने आपल्या रक्तात अनेक द्रव्ये ठेविली आहेत. ती साखळीच्या कड्यांप्रमाणे एकामागून एक काम करितात. ह्या आजारात त्यांपैकी आठव्या किंवा नवव्या क्रमांकाचे द्रव्य कमी असते किंवा मुळीच नसते. लोक समजतात त्याप्रमाणे अशा मुलाचे रक्त भडाभडा वाहत नाही. ते लवकर थांबत नाही, इतकेच. बाहेरच्या लहान ओरखड्याने सहसा मोठा घात होत नाही. घात होतो तो आत, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात. रांगावयास लागलेल्या मुलाचा गुडघा एके दिवशी सुजतो, तापतो, मूल रात्रभर रडते, आणि आईबापांस वाटते की कोठे मुरगळले. वारंवार असे झाल्याने सांधा झिजतो आणि शहाण्या उपायांवाचून मुलगा दहाबारा वर्षांचा होईतो लंगडा होऊन बसतो. कित्येक घरी हा आजार प्रथम कळतो तो कान टोचतेवेळी. टोचलेल्या कानाचे रक्त दुसऱ्या दिवशीही पाझरत असते, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात की दृष्ट लागली.

नवव्या द्रव्याच्या उणिवेस इंग्रज डॉक्टरांनी १९५२ साली ख्रिसमस रोग असे नाव दिले. हे नाव ऐकून आमच्या एका उपदेशक बंधूंनी मोठ्या काळजीने विचारिले होते की नाताळाच्या सणाशी ह्याचा काय संबंध. संबंध काही नाही. ज्या मुलाच्या ठायी हा प्रकार प्रथम ओळखला गेला त्याचे आडनाव ख्रिसमस होते.

आता हा आजार येतो कोठून? सोपे उदाहरण घेऊ. ह्या द्रव्याची आज्ञा ज्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, ती आईच्या ठायी दोन असतात आणि मुलाच्या ठायी एकच, आणि ते एक त्यास आईपासूनच मिळते. आईच्या गाडीस दोन बैल आहेत असे समजा. एक लंगडा निघाला तरी दुसऱ्याच्या बळावर गाडी चालते, आणि पुष्कळदा तिचे तिलाही कळत नाही की आपला एक बैल लंगडा आहे. मुलाच्या गाडीस ह्या कामापुरता एकच बैल. त्याच्या वाट्यास लंगडा आला की गाडी बसली. अशा आईच्या प्रत्येक मुलास हा आजार होण्याचा संभव निम्मा असतो आणि प्रत्येक मुलीने तो पुढे वाहून नेण्याचा संभवही निम्माच असतो. उलट, बापास हा आजार असेल तर त्याच्या मुलग्यांस तो त्याजपासून मुळीच मिळत नाही. मुली मात्र सर्व वाहक होतात. हे न जाणल्यामुळे गावात नेमके उलटे बोलले जाते. बापाकडे बोट करून मुलग्यांस दोष देतात आणि मुलींस निर्धास्त समजतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पाळकाने पाठ करून ठेवावी. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या घरी हा आजार पूर्वी कोणासच नसतो. तो त्या कुळात नव्यानेच उत्पन्न होतो. आईच्या माहेरी कोणी नाही, बापाच्या भावकीत कोणी नाही, आणि मूल मात्र आजारी. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या पूर्वजांत हा आजार कोणास होता असे दिसत नाही. पण तिचा पुत्र लिओपोल्ड ह्यास तो होता, आणि १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन तो तिसाव्या वर्षी मरण पावला. तिच्या मुलींच्या द्वारे तो स्पेन आणि रशिया येथील राजघराण्यांत गेला. रशियाच्या शेवटच्या बादशहाचा एकुलता एक पुत्र ह्यानेच पिडलेला होता. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नसे, त्यांचे वैद्य त्या मुलाचा गुडघा बरा करू शकले नाहीत. जे म्हणतात की हे हलक्या कुळाचे किंवा बाटल्याचे फळ आहे, त्यांस ही हकिकत सांगावी.

शास्त्रपाठाकडे वळू. कोणी म्हणेल, दहा आज्ञांतच बापाच्या अन्यायाचा झाडा तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत घेण्याविषयी सांगितले आहे. सांगितले आहे खरे. पण ते देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी आहे, आणि त्याच्याच पुढच्या वचनात हजारो पिढ्यांवर दया करण्याविषयी आहे, ते मात्र विहिरीवर कोणी बोलत नाही. शिवाय यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय वाचावा. बाबेलात धरून नेलेले लोक आंबट द्राक्षांची एक म्हण बोलत आणि आपले दुःख वडिलांच्या माथी मारीत. ती म्हण पुन्हा तोंडी आणू नका असे देवाने त्यांस बजाविले. सबंध अध्याय त्या एका म्हणीच्या विरुद्ध आहे.

येथे आम्हांस आमच्याच इतिहासाचा एक दाखला द्यावासा वाटतो. जालन्याजवळ बेथेल हे गाव नारायण शेषाद्री ह्यांनी वसविले, तेव्हा तेथे जे लोक आले त्यांत पुष्कळ असे होते की ज्यांस वेशीच्या आत घर नव्हते. त्यांस पिढ्यान्पिढ्या काय सांगितले गेले होते? हेच की तुमचा जन्म तुमच्या पूर्वीच्या पापाचे फळ आहे, तेव्हा ते भोगा आणि गप्प राहा. शुभवर्तमानाने ही बेडी तोडिली. आमच्या आजोबापणज्यांनी ह्या एका सुटकेसाठी भाकरी, भावकी आणि पाणवठा सोडिला. त्यांच्या नातवंडांनी तीच बेडी उचलून एखाद्या तान्ह्या मुलाच्या पायांत घालावी, ह्याहून विपरीत ते काय? जन्मावरून पाप ठरविण्याचा हक्क जगात आणखी कोणाला असो वा नसो, आम्हांस तर नाहीच.

यहूदी लोकांच्या तालमुद नावाच्या ग्रंथात ह्याच आजाराशी जुळणारी एक नोंद आहे, ती आम्हांस फार बोधक वाटते. सप्पोरी नावाचे नगर नासरेथापासून काही मैलांवर होते. तेथे चार बहिणी होत्या. पहिलीच्या मुलाची सुंता केली, तो मेला. दुसरीच्या मुलाची केली, तोही मेला. तिसरीचाही तसाच गेला. चौथी आपल्या मुलास घेऊन रब्बी शिमोन बेन गमलीएल ह्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी सांगितले की ह्याची सुंता करू नको. सुंता म्हणजे अब्राहामापासून चालत आलेली कराराची खूण. तिच्याशिवाय यहूद्याचे नाव राहत नाही. तरी त्या गुरूने बहिणीबहिणींचे दुःख एकत्र पाहून, आजाराचे नावगाव ठाऊक नसता, मुलाच्या जिवापुढे विधी बाजूस सारिला. चौथ्या बहिणीस त्याने पाप कोणाचे असे विचारल्याचे त्या नोंदीत नाही. आमच्यात मात्र कान टोचण्यासारखी साधी चाल, जिचा धर्माशी काही संबंध नाही, ती सोडावयास म्हाताऱ्या तयार होत नाहीत.

दोषाचा प्रश्न असा निकालात निघाला, तर मग ओझ्याचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक कठीण आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तीन वचनांच्या अंतराने दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या वरवर परस्परविरुद्ध दिसतात. एकीकडे तो म्हणतो की भावांनी एकमेकांचा भार उचलावा. दुसरीकडे म्हणतो की प्रत्येकास स्वतःचा भार स्वतःच वाहावा लागेल. मूळ ग्रीक भाषेत दोन निराळे शब्द आहेत. पहिला शब्द 'बारोस', म्हणजे दडपून टाकणारे वजन. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या पाठीवरील नेमून दिलेले गाठोडे, जसे शिपायाचे किंवा हमालाचे असते. शब्दांचा भेद सर्वत्र इतका काटेकोर पाळला जातो असे नाही, हे आम्ही जाणतो. तरी ह्या ठिकाणी तो अर्थास उपयोगी आहे.

कारण अशा घरी दोन्ही प्रकारचे ओझे असते, आणि मंडळी पुष्कळदा चुकीचे ओझे उचलावयास जाते. मुलाच्या दुखण्याने आईच्या पोटात जे तुटते ते दुसऱ्या कोणास वाहता येत नाही. ते तिचे गाठोडे आहे. तेथे जाऊन सल्ला देणारे, अमक्या गावच्या वैदूचे नाव सांगणारे, तुमचा विश्वास कमी पडतो असे म्हणणारे, हे सर्व तिच्या गाठोड्यास हात लावू पाहतात आणि ते अधिक जड करितात. उलट जे वजन खरोखर वाटून घेता येते, ते अंगणात तसेच पडून राहते.

ते वजन कोणते, हे घनसावंगीच्या माणसास सांगावयास नको. आमच्या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. ज्या घरी असा मुलगा आहे त्या घराने काय करावे? त्यास बरोबर न्यावे तर फडात सर्वत्र उसाची धारदार पाचट, कोयते, ट्रॅक्टर, आणि रुग्णालय कोठे आहे ह्याचा पत्ता नाही. मागे ठेवावे तर थकलेल्या आजीस सुजलेला गुडघा ओळखता येत नाही. आईने घरी राहावे तर कोयता मोडला, उचल गेली, आणि पूर्वीची उचल फिटली नसेल तर मुकादम दारात. आम्ही अशा एका घरी बसलो होतो. बाप म्हणाला, "पाळकसाहेब, प्रार्थना सगळे करतात. पण पोराला चार महिने संभाळतो असं कोणी म्हणत नाही." त्या वाक्यात कुरकुर नव्हती. तो हिशेब सांगत होता.

दावीद राजाने मफीबोशेथास आपल्या मेजावर बसविले, ही गोष्ट शब्बाथ शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मफीबोशेथ पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. राजाच्या दयेविषयी आम्ही पुष्कळ उपदेश ऐकिले. परंतु दावीदाने त्यास बोलाविले तेव्हा तो कोठे होता? लो-दबार गावी, अम्मीएलाचा पुत्र माखीर ह्याच्या घरी. राज्य गेलेल्या घराण्याचा पांगळा वारस घरात ठेवणे म्हणजे नव्या राजाचा रोष ओढवून घेणे. मेजावर बसविण्याचा मान दावीदास मिळाला, पण त्याआधी त्या पांगळ्यास रोज उठविणारा, बसविणारा, भाकर देणारा माखीरच होता. शास्त्रात माखीराची ह्यासाठी कोठे वाखाणणी नाही. पुढे अबशालोमाच्या भीतीने दावीद रानोमाळ पळाला, तेव्हा बिछाने, भांडी आणि धान्य घेऊन जे त्याजकडे आले त्यांत हाच माखीर पुन्हा दिसतो. आमच्या मंडळ्यांत दावीद होण्याची इच्छा धरणारे पुष्कळ आहेत. वाढदिवसास मोठी देणगी जाहीर करावयास कोणी मागे राहत नाही. आम्हांस ऊसतोडीच्या हंगामात चार महिने एक मुलगा घरात ठेवून घेणारा माखीर पाहिजे.

त्या माखीरास काय ठाऊक असावे, तेही सांगतो, कारण प्रेम असून ज्ञान नसले तर ह्या आजारात जीव जातो. सुजलेल्या सांध्यास मालिश करू नये, शेक देऊ नये, डाग तर मुळीच देऊ नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंचावर ठेवावा, मुलास चालू देऊ नये, आणि त्यास जे द्रव्य कमी आहे त्याचे इंजेक्शन, ज्यास लोक फॅक्टर म्हणतात, ते शक्य तितक्या लवकर मिळवावे. ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. दंडात किंवा कुल्ल्यात साधे इंजेक्शन देऊ देऊ नये. डॉक्टरास आधी आजार सांगावा. लस मात्र चुकवू नये, ती बारीक सुईने कशी द्यावी हे डॉक्टर जाणतात. दात काढावयाचा असेल तर आधी विचारावे. डोक्यास मार लागला, तर मुलगा हसत खेळत असला तरी त्याच घटकेस रुग्णालयाची वाट धरावी. सकाळपर्यंत थांबू नये.

अशा वेळी अंबडमार्गे जालन्यास नेण्यास रात्री वाहन कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे. ज्याच्याकडे जीप आहे त्याने आपले नाव वडिलांच्या सभेत सांगून ठेवावे, आणि डिझेलाचे पैसे मंडळीच्या फंडातून द्यावे. धर्मादाय म्हणून ते देऊ नयेत. दिव्याचे तेल किंवा प्रभुभोजनाची भाकर जशी मंडळी घेते, तसाच हा खर्च वहीत लिहावा. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

सरकारी साहाय्याविषयी थोडक्यात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानितो, त्यांत हिमोफिलिया आहे, थॅलसेमिया व सिकलसेल आहेत, स्नायूंचा क्षय करणारा आजारही आहे. त्याचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून मिळते. ते मिळाले म्हणजे एस. टी.च्या भाड्यात सवलत आणि निराधार अनुदानासाठी तहसील कचेरीत अर्ज, ह्या दोन वाटा उघडतात. फॅक्टर महाराष्ट्रात ठरावीक शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य दिले जाते. ते आपणांस कोठे मिळते ते जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवावे, आणि ते मुलाच्या संकटाच्या रात्री नव्हे, आधी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. आई किंवा बहीण वाहक आहे की नाही ह्याची तपासणी तेथे होते. इतर दुर्मिळ आनुवंशिक आजारांसाठी २०२१ साली राष्ट्रीय धोरण ठरले. त्याखाली नेमलेल्या केंद्रांत के. ई. एम. आहे, आणि २०२२ पासून तेथे मान्य आजारांच्या उपचारास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. अर्ज भरावयाचे काम आमच्या शिकलेल्या तरुणांचे. नाताळाच्या नाटकास त्यांस वेळ मिळतो, तर ह्यासही मिळेल.

अशी दुखणी असणाऱ्यांनी केवळ हात पसरून बसावे, असेही नाही. हिमोफिलिया फेडरेशन ही भारतातील संघटना १९८३ साली अशोक बहादूर वर्मा ह्यांनी उभी केली, आणि ते स्वतः ह्याच आजाराचे रोगी होते. रोग्यांनी रोग्यांस शोधून काढिले. आज ठिकठिकाणी त्यांच्या शाखा आहेत. आपल्याच दुखण्याचा दुसरा मनुष्य भेटणे ह्यात जे समाधान आहे ते पाळकाच्या दहा भेटींत नाही, हे आम्ही पाळक असून लिहितो.

आता प्रार्थनेविषयी. अलीकडे मोठमोठ्या मंडपांतून रोगमुक्तीच्या सभा होतात आणि तेथून परत आलेले आईबाप सांगतात की औषध थांबवा, विश्वास दाखवा, असे त्यांस सांगण्यात आले. प्रार्थनेने देव बरे करितो हे आम्ही नाकारीत नाही. नाकारू तर आम्ही कशाचे पाळक? परंतु औषध टाकणे हा विश्वासाचा पुरावा आहे असे शास्त्रात आम्हांस कोठे आढळत नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. मफीबोशेथ राजाच्या मेजावर जेवीत असता शेवटपर्यंत दोन्ही पायांनी लंगडाच होता, असे शास्त्र मुद्दाम सांगते. वेल्लोरच्या ज्या ख्रिस्ती रुग्णालयाची सुरुवात आयडा स्कडर बाईंनी १९०० साली एका खाटेवर केली, तेथील डॉक्टरांनी ह्याच आजारावर जनुकांचा एक नवा उपचार पाच रोग्यांवर करून पाहिला. त्यानंतर त्यांपैकी कोणास रक्तस्राव झाला नाही, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच रोगी म्हणजे थोडे, आणि तो उपचार गावोगाव पोहोचण्यास काळ लागेल. पण त्या प्रयोगशाळेत रात्री जागणारे जे लोक आहेत, त्यांचे जागणे प्रार्थनेच्या बाहेरचे आहे असे आम्ही म्हणणार नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि आम्हांस अनेकांनी तो हळू आवाजात विचारिला आहे. आजारी मुलाची बहीण उपवर झाली. ती वाहक असेल किंवा नसेल. पाहुण्यांस सांगावे काय?

सांगू नये असे म्हणणारे वाईट लोक नसतात. ते मुलीचे आईबाप असतात. ते म्हणतात, सांगितले तर सोयरीक मोडेल, गावभर होईल, आणि धाकट्या दोघींचीही लग्ने अडतील. हे भय खोटे नाही. तरी आमचे मत असे आहे की सांगावे. पहिले कारण मुलीचेच आहे. वाहक स्त्रीच्या ठायी कधीकधी ते द्रव्य इतके कमी असते की बाळंतपणात तिला अतिशय रक्तस्राव होतो. सासरी हे ठाऊक नसेल तर डॉक्टरास सांगणार कोण? लपविलेली गोष्ट तिच्याच जिवावर उठते. दुसरे कारण असे की पोटी आजारी मूल आल्यावर ती गोष्ट उघड होतेच, आणि त्या दिवशी नवऱ्यास दुःख आणि फसवणूक ही दोन्ही एकदम भेटतात. मूल आजारी आहे ह्यासाठी नवरा बायकोस क्षमा करील असे नाही, कारण तेथे क्षमा करण्यासारखे काही नाही. पण लपविल्याबद्दल क्षमा करणे त्यास जड जाईल.

मग सांगावे कोणास? वरास आणि त्याच्या आईबापांस. भावकीस नव्हे, मंडळीच्या सभेत नव्हे. वडिलांपैकी कोणी हे बाहेर बोलेल तर त्यास पदावरून दूर करावे, इतके आम्ही कडक म्हणतो. आणि सांगण्यापूर्वी मुलीची तपासणी करून घ्यावी, कारण तिच्या बाबतीत संभव निम्माच आहे. कदाचित सांगण्यासारखे काही नसेलही. मामाच्या घरी मुलगी देण्याची आमच्यात चाल आहे, तेथेही हाच नियम. नाते आहे म्हणून चालेल असे समजू नये. आईच्या माहेरीच तो बैल उभा असू शकतो.

परंतु एवढे सांगून पाळकाची सुटका होत नाही. खरे बोला असे व्यासपीठावरून सांगणे आम्हांस काही पडत नाही. त्याची किंमत ती मुलगी भरते. खरे बोलणे हे तिच्या आईबापांचे गाठोडे आहे, ते त्यांनीच वाहावे. त्या खऱ्यामुळे जी सोयरीक मोडते, जी कुजबूज होते, तो दडपणारा भार मात्र मंडळीचा आहे. ज्या मंडळीत अशी मुलगी सून म्हणून घेण्यास एकही घर पुढे येत नाही, तेथे पाळकाने खरेपणावर उपदेश करण्यापूर्वी घरोघरी जावे आणि तरुणांस, त्याहून अधिक त्यांच्या आयांस, हे समजावून द्यावे की वाहक असणे हा आजार नव्हे, दोष नव्हे. ती सून काम करील, लेकरे होतील, त्यांतील पुष्कळ निरोगी होतील, आणि गरोदरपणी आधीच डॉक्टरास विचारिले तर पुष्कळ गोष्टी वेळेवर करिता येतात.

मुलीस स्वतःस केव्हा सांगावे, असे एका आईने विचारिले. आमचे उत्तर असे की भावाचा गुडघा सुजतो हे ती लहानपणापासून पाहतच असते, म्हणून थोडे थोडे तेव्हापासूनच सांगावे. आणि पुरते सांगावे ते पाहुणे येण्याच्या आधी, आईने, घरात, दुसरे कोणी नसता. पाळकाने तेव्हा बाहेर ओट्यावर बसावे.